भाच्याची चौथी रायफल

मे महिन्यात आमच्या गुहागरच्या घरी दुपारची जेवणं झाली की पडवीत दोनच विषय असतात. यंदा आंबा किती हाती लागला आणि पाऊस कधी येणार. या वर्षी तिसरा निघाला. माझा भाचा दक्षिण आफ्रिकेत खाणीवर इंजिनिअर आहे, वीसेक वर्षं तिकडेच. महिनाभर सुट्टीवर आला होता. हाताला खोबरेल चोळून फणसाचे गरे काढता काढता म्हणाला, "मामा, चौथी रायफल घ्यायचीय. मोठ्या बोअरची. कुठलं कॅलिबर घेऊ?"

"तीन कमी पडल्या का रे?" माझी बहीण आतूनच म्हणाली. त्याच्याकडे .३०-०६, .३७५ आणि .४५८ अशा तीन आहेत, आणि चौथीसाठी चार नावांची यादी त्यानं काढली होती.

मला विचारायचं कारण एवढंच की मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आणि संवेगाचा धडा त्यानं माझ्याकडूनच शिकला. शिकारीशी माझा काही संबंध नाही. पण त्याच्या या छंदापायी गेली काही वर्षं मीही वाचत आलोय. त्या दुपारी सुरू झालेलं बोलणं चार दिवस चाललं, शेजारचे दोघेतिघे ऐकायला येऊन बसले, आणि "हे एकदा लिहून काढा" असं त्यांनीच सांगितलं.

आधी इथलं सांगतो. आमच्या पंचक्रोशीत बंदूक म्हणजे शेतीसंरक्षणाची. पूर्वी ठासणीची, आता कुणाकडे काडतुसाची एकनळी. ती असते डुकरांसाठी आणि केळड्यांसाठी, म्हणजे माकडांसाठी, आणि बहुतेक वेळा नुसता बार काढून हाकलण्यासाठी. डुक्कर मारायचा तर वनखात्याची परवानगी लागते. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नेमका तेव्हाच शेतात डुक्कर यायचा, हेही सगळ्यांना पाठ आहे. हौसेच्या शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पडदा पडला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात. त्यामुळे 'चौथी रायफल' हा शब्दच इथे परग्रहावरचा. दक्षिण आफ्रिकेत खासगी संग्रहासाठी कायद्यातच वेगळा परवाना आहे आणि रानरेड्याची शिकारही परवान्यानं चालते. तेव्हा प्रश्न तिकडचा, गणित मात्र कुठेही बसून करता येतं.

पहिली अडचण नावांची. आपल्याकडे 'बारा बोअर' सगळ्यांना माहीत, पण बारा कशाचे? एक पौंड शिसं घ्या, त्याचे सारख्या आकाराचे बारा गोळे करा. त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर, साडेअठरा मिलिमीटरची. म्हणून आकडा लहान तशी नळी मोठी. चार बोअरच्या जुन्या बंदुकांत एकेक गोळा पाव पौंडाचा.

रायफलीत ही रीत मागे पडली आणि इंच आले. .३७५ म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ३७५, साडेनऊ मिलिमीटर. शाळेची पेन्सिल सात मिलिमीटरची, म्हणजे दीड पेन्सिलीहून थोडी बारीकच. इथवर सरळ आहे. पण .४०४ जेफ्रीची गोळी .४२३ ची असते, .४७० ची .४७५ ची, आणि जुन्या .४५० ची .४५८ ची. शेवटच्याला तरी कारण आहे. रायफलीच्या नळीत आटे पाडलेले असतात. उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंत मोजलं तर .४५०, खाचेपासून खाचेपर्यंत मोजलं तर .४५८. एकानं असं मोजलं, दुसऱ्यानं तसं. बाकीच्यांची कारणं शोधत बसू नये, त्यात बरीचशी दुकानदारी आहे. .४५०/४०० हे नाव मात्र मला आवडतं, कारण ते खरं बोलतं. .४५० ची पुंगळी, म्हणजे काडतुसाची दारू भरायची पितळी नळी, घेऊन तिचं तोंड .४०० पर्यंत आवळलं, एवढंच त्यात सांगितलंय.

गोळीचं वजन सांगतात ते ग्रेनमध्ये, आणि इथे आपल्याला एक आयती पट्टी सापडते. १८३३ मध्ये कंपनी सरकारनं तोळ्याचं वजन ठरवलं ते नेमकं १८० ग्रेन. चांदीचा जुना रुपयाही तेवढ्याच वजनाचा. भाच्याच्या पहिल्या रायफलीची, .३०-०६ ची, नेहमीची गोळी १८० ग्रेनची. म्हणजे बरोबर एक तोळा. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी पावणेदोन तोळ्यांच्या जरा आत. .४१६ आणि .४०४ ची ४०० ग्रेनची, सव्वादोन तोळ्यांच्या आसपास. .४५८ आणि .४७० ची ५०० ग्रेनची, पावणेतीन तोळे.

'पावणेतीन तोळे' ऐकून बहीण बाहेर आली. शिसं आणि तांबं म्हटल्यावर परत गेली.

आता धक्का. मोठ्या बोअरच्या निवडीत निम्मा निर्णय खांदा घेतो, त्यामुळे इथे थांबणं भाग आहे. गोळी पुढे गेली की रायफल मागे येते, दोन्हींचा संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, सारखा. त्यात जळलेल्या दारूचा वायू धरायचा. तो वजनानं गोळीच्या चौथाई-पंचमांश असला तरी तोंडातून गोळीपेक्षा बराच जास्त वेगानं सुटतो. .३७५ ची गोळी सेकंदाला ७७० मीटरनं जाते. १९.४ ग्रॅम गुणिले ७७०, म्हणजे साधारण १५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. वायूचे सहा धरा. २१ झाले. सव्वाचार किलोची रायफल असेल तर ती पाच मीटर प्रतिसेकंदानं खांद्यावर येते, आणि तिच्यात पन्नासेक जूल ऊर्जा असते.

जूल म्हटलं की शेजाऱ्यांचे डोळे जड होतात हे मला वर्गातल्या अनुभवानं माहीत. म्हणून मी खळ्यातला एक असोला नारळ उचलून त्यांच्या हातात दिला. दीड किलोचा. हा किती उंचीवरून पडला तर तेवढीच ऊर्जा होईल? .३०-०६ साठी पावणेदोन-दोन मीटर. .३७५ साठी साडेतीन. .४०४ साठी चार. .४१६ रिग्बीसाठी पाचाच्या वर. .४५८ साठी साडेपाच आणि .४७० साठी सहा मीटर. हा माझा कागदावरचा ढोबळ हिशोब आहे, रायफलीचं वजन बदललं की बदलतो. आणि नारळ एका बिंदूवर आदळतो, रायफलीचा दस्ता तळहाताएवढ्या जागेवर दाबला जातो, म्हणून माणूस टिकतो. पण चढण कशी आहे ते यातून कळतं. .३७५ ते .४०४ ही अर्ध्या मीटरची पायरी, .४०४ ते .४१६ ही तिच्या दुपटीहून मोठी.

मी स्वतः हे खाल्लेलं आहे. सहा वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्यानं शूटिंग रेंजवर शेजारी उभं राहून .३७५ चे दोन बार माझ्याकडून काढून घेतले. पहिला झटका येण्यापेक्षा ढकलल्यासारखा वाटला, एस.टी.त मागून गर्दी चढावी तसा. दुसऱ्याला मी आधीच डोळे मिटले. मग हौसेनं .४५८ चा एक. त्यानंतर रायफल मी त्याच्या हातात दिली आणि पाणी मागितलं. गोळी कुठे लागली हे बघायचंही लक्षात राहिलं नाही. चाप ओढायच्या आधीच अंग आकसतं, नेम तिथेच जातो, आणि ही सवय एकदा लागली की सुटायला महिने जातात.

इथेच एक गैरसमज निकालात काढतो. सिनेमात गोळी लागली की जनावर उडून पडतं. .४१६ च्या गोळीत साधारण ६,९०० जूल ऊर्जा असते, म्हणजे माणसासकट दोनशे किलोची स्कूटर ताशी ३० किलोमीटरनं यावी तेवढी. ऐकायला भयंकर. पण ढकलायचं काम संवेग करतो, आणि तो जेमतेम १९. सातशे किलोच्या रानरेड्याला एवढ्यानं सेकंदाला पावणेतीन सेंटिमीटरचा वेग मिळेल. मुंगी त्याच चालीनं चालते. आणि गोळी जर रेड्याला उडवू शकत असती, तर तिनं त्याहून जोरात मारणाऱ्यालाच उडवलं असतं. तेव्हा रेडा पडतो तो गोळी आत कुठवर गेली आणि वाटेत काय फाटलं यावर.

आत किती जाते? आमच्याकडे विहीर खणताना जांभ्यात पहार वापरतात. चार किलो लोखंडाची पातळ थाळी केली आणि तीच जांभ्यावर आपटली तर नुसता आवाज होईल. तेच लोखंड लांब आणि बारीक केलं की दगडात शिरतं. गोळीचं तसंच. जाडीच्या मानानं वजन किती, याचा एक आकडा काढतात. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी .३०५. .४०४ ची .३१९. .४७० ची .३१७. .४१६ ची .३३०. .४५८ ची .३४१. .३०० च्या वर गेली की जाड कातडीच्या जनावरात खोल जायला पुरे, असं शिकारी मानतात. या आकड्यांत सगळ्यांत जाड .४७०, पण आत शिरण्यात ती .४१६ च्या मागे. जाडी वाढवत नेली की पहारीची थाळी व्हायला लागते. त्यात गोळी मऊ नाकाची की अख्खी घट्ट, हा आणखी वेगळा भाग. मऊ नाकाची आत जाऊन फुलते, घट्ट गोळी आकार न सोडता सरळ जाते. हत्तीच्या डोक्याला घट्टच लागते.

अनेक आफ्रिकी देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ हे किमान धरतात, काही ठिकाणी थोडी खालची ९.३ मिलिमीटरही चालते. हे .३७५ लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीनं १९१२ मध्ये काढलं. पुंगळीच्या बुडाशी एक पट्टा आहे. तिचे खांदे इतके उतरते आहेत की नळीत कुठवर जायचं ते तिला खांद्यावरून कळत नाही, पट्ट्यावर अडून ती थांबते. उतरत्या खांद्यांमुळे ती मॅगझिनमधून घसरत छान आत जाते. पुढे अमेरिकनांनी हा पट्टा गरज नसलेल्या काडतुसांनाही लावला, कारण पट्टा दिसला की गिऱ्हाइकाला 'मॅग्नम', म्हणजे जास्त ताकदीचं, वाटायचं.

आता दाबाकडे येतो, कारण आफ्रिका काय किंवा आपलं कोकण काय, मे महिन्यातल्या उन्हाशी त्याचा संबंध आहे. जुन्या ब्रिटिश काडतुसांत कॉर्डाइट नावाची दारू असायची. नावाप्रमाणेच दोऱ्यांच्या रूपात. पुंगळी उघडली तर आत शेवयांची जुडी भरल्यासारखी दिसते. हे कॉर्डाइट तापलं की जास्त जोरात जळतं. लंडनच्या थंडीत नीट चालणारं काडतूस उन्हात तापून निघालं की आतला दाब चढायचा. पुंगळी पितळेची. दाबानं ती फुगून नळीला चिकटते आणि दाब उतरला की पुन्हा आखडते, तेव्हा बाहेर ओढता येते. दाब फाजील झाला की ती चिकटूनच बसते. समोर जखमी रेडा आणि हातात न उघडणारी रायफल, याहून वाईट वेळ ती कुठली?

यावर त्यांनी काढलेला उपाय आपल्या स्वयंपाकघरातला आहे. टोप मोठं घ्यायचं, म्हणजे भात उतू जात नाही. पुंगळी गरजेपेक्षा मोठी ठेवली की तेवढ्याच दारूनं दाब कमी होतो. जॉन रिग्बी कंपनीनं १९११ मध्ये काढलेल्या .४१६ ची पुंगळी म्हणूनच एवढी ढोली आहे. युरोपात सी.आय.पी. या संस्थेनं कमाल दाब ठरवून दिलेत. .३७५ ला ४,३०० बार, .४१६ रिग्बीला ३,२५०, .४७० ला फक्त २,७००. घरच्या कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा एक बार जास्त दाबाला उठते, त्यावरून अंदाज घ्या. आजची दारू उन्हाला एवढी बिचकत नाही, त्यामुळे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीनं तोच ४०० ग्रेनचा मारा लहान पुंगळीत बसवून दाखवला, अर्थात दाब वाढवून. काम तेच. तरी भाच्याला मी म्हटलं की संग्रहात कमी दाबाचं एखादं असू दे. त्यानं भुवया उडवल्या, पण वहीत लिहून घेतलं.

.४५० ची गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत रंजक वाटते, कारण ती आपल्या देशातून सुरू होते. १८९८ मध्ये रिग्बीनं .४५० नायट्रो एक्सप्रेस काढली. काळ्या दारूच्या धुराचे लोट गेले, बिनधुराची दारू आली आणि जुन्या अवजड बंदुकांचं काम पाच किलोची रायफल करू लागली. हिंदुस्थानातले साहेब आणि संस्थानिक तिच्यावर खूश. पण त्याच वेळी फौजेतली मार्टिनी-हेन्री रायफल सगळीकडे पसरलेली होती, आणि तिचं काडतूस होतं .५७७/४५०. म्हणजे .५७७ ची पुंगळी .४५० ला आवळलेली. सरहद्दीवर आणि इतरत्र या रायफली सरकारच्या नको त्या माणसांच्या हाती पडल्या होत्या. शिकारीच्या नावानं .४५० च्या गोळ्या आयात होणार आणि त्यांच्या बंदुकीत भरल्या जाणार, ही सरकारची धास्ती. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० च्या शिकारी रायफली आणि काडतुसं आणायला बंदी झाली.

लंडनच्या बंदूकवाल्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं. मग प्रत्येकानं .४५० च्या आजूबाजूचा, पण .४५० नसलेला आकडा शोधायला सुरुवात केली. हॉलंड अँड हॉलंडनं .४६५ काढली, जोसेफ लँगनं .४७०, वेस्टली रिचर्ड्सनं .४७६. शिवाय .४७५ चे दोन प्रकार. पाचही जणांची मारायची ताकद जवळजवळ .४५० इतकीच. जनावराला फरक कळणार नाही, फक्त जकातीवरच्या अंमलदाराला कळावा म्हणून केलेली ही शस्त्रं. त्यातली .४७० इतर कंपन्यांनीही उचलली आणि आज दुनळी शिकारी रायफल म्हटलं की जगभर तीच डोळ्यासमोर येते.

आणि गंमत बघा, साहेब गेल्यावरही ती खोड राहिली. लष्करात .३०३ होती म्हणून ती सामान्य माणसाला मना. त्याच्यासाठी इशापूरच्या कारखान्यानं .३१५ ची रायफल केली. आठ मिलिमीटरची, वेगळ्या काडतुसाची, लष्कराची गोळी तिच्यात बसूच नये अशी. आमच्या तालुक्यात एका घरी ती अजून आहे, वडिलार्जित.

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीनं .४५८ मॅग्नम काढलं ते जुन्या .४५० ची आणि .४७० ची ताकद साध्या बोल्टच्या, म्हणजे दर बारानंतर खिट्टी मागेपुढे करून भरायच्या एकनळी रायफलीत आणायला. त्यासाठी .३७५ ची पुंगळी आखूड करून सरळ केली. जागा अपुरी पडली. दारू दाबून भरावी लागायची, कालांतरानं तिच्या गुठळ्या व्हायच्या आणि सुरुवातीच्या काळात वेग पुरेसा मिळत नाही अशी ओरड झाली. त्यापायी १९७१ मध्ये जॅक लॉट या शिकाऱ्यानं पुंगळी पुन्हा लांब करून .४५८ लॉट केलं. मोझांबिकमध्ये रेड्यानं त्याला आडवं केलं होतं, त्याचा सूड म्हणा. लॉटच्या रायफलीत जुनं .४५८ काडतूसही चालतं. त्यामुळे भाच्याच्या यादीतून मी लॉट पहिल्या मिनिटाला खोडलं. त्याच्याकडे .४५८ आहेच. ॲक्शनची, म्हणजे काडतूस आतबाहेर करणाऱ्या यंत्रणेची, लांबी पुरत असेल तर तिकडचा बंदूकवाला तिचीच चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, वाढवून देईल. त्यासाठी परवान्याची एक जागा कशाला अडवायची?

राहिल्या तीन. .४१६ रिग्बी, .४७० ची दुनळी आणि .४०४ जेफ्री.

दुनळीचं आकर्षण मला समजतं. पण ती बनते कशी ते कळल्यावर तिच्या किमतीचंही आश्चर्य वाटत नाही. दोन नळ्या शेजारी शेजारी दिसतात, पण त्या समांतर नसतात. उजवी उडाली की रायफल उजवीकडे उसळते, म्हणून नळ्या तोंडाकडे किंचित जवळ आणतात. किती जवळ, हे कागदावर नक्की होत नाही. कारागीर डाग वितळवतो, मधली पाचर जराशी सरकवतो, बार काढून बघतो, पुन्हा वितळवतो. दोन्ही गोळ्या एका जागी पडू लागल्या की झालं. पण ते एकाच काडतुसासाठी. वेगळ्या वेगाचं काडतूस घातलं की उजवी एकीकडे, डावी दुसरीकडे. तिकडच्या नव्या चांगल्या दुनळीच्या पैशात आमच्याकडे कलमांची बाग येईल. भाचा म्हणाला, "मामा, बाग आणि दुनळी यात बायको बाग म्हणेल." मीही तेच म्हणतो.

.४१६ रिग्बी, खरं सांगायचं तर, यातलं सर्वांत उत्तम शिकारी काडतूस. खोल जातं, लांब मारतं, दाब आटोक्यात. ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं डोळे मिटून घ्यावं, अर्थात चाप ओढताना उघडे ठेवून. अडचण अशी की त्याला मोठी मॅग्नम मॉझर ॲक्शन लागते, ती महाग. आणि भाच्याकडे खाली .३७५ आहे, वर .४५८. मधे .४१६ घातलं की त्याला स्वतःचं काम काय उरतं? रेड्याला तिन्ही पुरतात.

.४०४ जेफ्री १९०५ च्या सुमाराचं. .४५०/४०० ही दुनळी तेव्हा हिंदुस्थानात वाघासाठी फार लोकप्रिय होती. तेवढाच मारा स्वस्त बोल्टच्या रायफलीत मिळावा म्हणून जेफ्री कंपनीनं ही केली. ४०० ग्रेनची गोळी, सेकंदाला ६५० मीटरच्या आसपास. आकडे वाचून कुणी चमकत नाही. पण पूर्व आफ्रिकेतल्या वनखात्यांनी आपल्या रक्षकांना हीच दिली, ज्यांना शेतात घुसलेल्या हत्तींसमोर आठवड्यातून कितीदा उभं राहावं लागे. नोकरी म्हणून रोज बार काढणाऱ्याला खांदा जपावाच लागतो. आणि भाच्याच्या तिन्ही रायफलींत दोन अमेरिकन, एक १९१२ ची इंग्लिश. कॉर्डाइटच्या सुरुवातीच्या काळातली एकही नाही. संग्रह म्हणायचा तर भोक तिथे आहे. नारळाच्या हिशोबात चार मीटर.

काडतुसं मिळतील का, हा त्याचा प्रश्न योग्य होता. ब्रिटनमध्ये कायनॉक कंपनीनं मोठ्या नायट्रो काडतुसांचं उत्पादन थांबवल्यावर कितीतरी उत्तम रायफली भिंतीवर लटकत राहिल्या, खायलाच काही नाही म्हणून. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या फेडरलनं .४१६ आणि .४७० पुन्हा काढली आणि त्या दोन्ही जाग्या झाल्या. .४०४ लाही आज काडतुसं आणि नव्या पुंगळ्या मिळतात, फक्त .३७५ सारखी कोपऱ्यावरच्या दुकानात नाहीत. ज्याचं तोंड दुकानात सहज भरत नाही अशी रायफल घेताना मी आधी दोनशे पुंगळ्या घेईन, मग रायफल.

जुनीच घेणार असल्यानं एक गोष्ट मी त्याला दोनदा सांगितली. माझे आजोबा ठासणीचा बार काढून आले की दारातूनच आजीकडे आधण मागायचे. लहानपणी मला वाटे चहासाठी. ते उकळतं पाणी ते नळीत ओतायचे, काळं पाणी बाहेर यायचं, पुन्हा ओतायचे, मग गजाला चिंधी गुंडाळून कोरडी करायचे आणि शेवटी तेल. कारण खूप नंतर कळलं. दारूची राख ओल धरते, आणि बार पेटवणाऱ्या जुन्या टोप्यांतल्या क्लोरेटपासून नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं, ते मिठाचंच भावंड. तेही हवेतली ओल ओढून लोखंड खातं. तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. नुसतं तेल लावून ठेवलं तर गंज तेलाखाली सुखानं वाढतो. कायनॉकच्या जुन्या काडतुसांच्या टोप्याही याच जातीच्या. त्यामुळे शंभर वर्षांच्या रायफलीचा दस्ता कितीही चमकत असला तरी मालकाच्या घरी आधण होतं की नव्हतं, हे नळी आतून सांगते. आमच्याकडे तर बार न काढताही खारा वारा तेच काम करतो. पावसाळ्यात कपाटातली कात्री लाल होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो परत गेला. परवा रात्री फोटो आला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडची .४०४, मॉझर ॲक्शन, अक्रोडाच्या दस्त्यावर हात लागून लागून गडद झालेली जागा. बहिणीनं फोन हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "बरी दिसते." मी फोटो मोठा करून बघितला. नळीच्या तोंडाशी, दर्शनी माशीच्या खाली, तपकिरी डाग आहे. त्याला लिहिलं, पैसे देऊ नकोस अजून. मागून टॉर्च घाल आणि आतला फोटो पाठव.